नववीला सिनेमा शिकवायचाय? चार मिनिटं पुरेत

पूर्ण सिनेमा दाखवू नका, ही माझी पहिली अट. परळच्या आमच्या शाळेत तास ३५ मिनिटांचा. त्यातली सात-आठ प्रोजेक्टरची वायर हलवण्यात जातात, आणखी काही खिडक्यांना चादरी लावण्यात. उरलेल्या वेळात चार मिनिटांचा तुकडा तीनदा पाहून होतो.

पहिल्यांदा नुसता पाहायचा. दुसऱ्यांदा आवाज बंद. कट आला, म्हणजे एक चित्र तुटून दुसरं सुरू झालं, की बाकावर टिचकी. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ, फक्त कान. मग वहीत तीन ओळी: काय दिसलं, काय ऐकू आलं, काय दाखवलंच नाही. 'भारी' हा शब्द त्या वहीत बंद. (बंदी घातल्यापासून पोरं 'खतरनाक' लिहितात.)

तुकडा कुठला? मी नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला राष्ट्रगीताचा घेते. शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुक्कर पकडतोय; ते हाताशी आलेलं असताना शाळेतून 'जन गण मन' ऐकू येतं आणि जब्या जागच्या जागी उभा राहतो. घरचेही थांबतात. पहिल्या वर्षी हे लावलं, तर माझा अर्धा वर्गच उठून उभा! मग मीही उभी राहिले, काय करणार? राष्ट्रगीत संपल्यावर विचारलं, एवढ्या वेळात हललं कोण? मागच्या बाकावरून आवाज आला, "डुक्कर, बाई." पुढचा अख्खा तास त्या एका उत्तरावर गेला. कट, कॅमेरा, फ्रेम हे शब्द तेव्हा फळ्यावर लिहिले. त्याआधी लिहिले असते तर कुणी वर पाहिलंही नसतं.

जुन्यातला हवा असेल तर 'कालिया मर्दन', १९१९चा. मूकपट, त्यामुळे कानांची फेरी वाचते. यात कृष्ण झालीय ती दादासाहेब फाळक्यांची लेक मंदाकिनी, पण हे आधी फोडू नका. दुसऱ्या फेरीनंतर सांगा, आणि जोडीला हेही की १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण काम करायला बायका मिळेनात. एवढं सांगून गप्प बसा. मुली बोलतात.

पेडर रोडच्या गुलशन महालात सिनेमाचं संग्रहालय आहे, तिथे सहल न्या. प्रश्नावली मात्र हातात देऊ नका.

शेवटी करून पाहायचं. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, ती जेमतेम मिनिटभराची. आमचाही नियम तसाच: ५० सेकंद, मोबाइल हलवायचा नाही, झूम नाही, कट नाही, वर गाणं चिकटवायचं नाही. गेल्या वर्षी एकीने चाळीच्या गॅलरीत जमिनीवर, पिंपाला टेकवून मोबाइल ठेवला आणि नळाची वेळ टिपली. आधी बादल्या येतात, मग पाय. चेहरा एकही नाही. असं का केलंस विचारलं, तर म्हणते, "वर धरला असता तर काकू ओरडल्या असत्या."

दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण शेवटी मोबाइल उचलताना चित्र हललं.