जुन्या आठवणी घरात मांडायच्या कशा

पेटी उघडून जुने फोटो, पत्रं, आजोबांचा चष्मा बाहेर काढला की सगळंच भिंतीवर लावावंसं वाटतं, पण तसं करू नका. मोजक्याच वस्तू घ्या, ज्यांच्याबद्दल घरात कोणीतरी काहीतरी सांगू शकतं अशा, मग चष्म्याची दांडी तुटलेली का असेना.

फोटोंचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं. उन्हाने रंग उडतो आणि उडालेला परत येत नाही, म्हणून ओरिजिनल ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने, स्कॅन करून चांगली प्रिंट काढा, फ्रेममध्ये ती लावा आणि ओरिजिनल अॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाच्या) पाकिटात घालून कोरड्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. ओरिजिनलच लावायचा असेल तर काच आणि फोटोच्या मध्ये माऊंट, म्हणजे खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा, हवाच, नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि ओढून काढायला गेलं की वरचा थरच निघून येतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, दोन्ही नंतर धड काढता येत नाहीत.

चष्मा, घड्याळ, पेन अशा वस्तूंना खोल फ्रेम, म्हणजे शॅडो बॉक्स, फार छान दिसतो. चष्म्यामागे त्याच माणसाच्या हस्ताक्षरातल्या पत्राची झेरॉक्स लावून बघा, वाचायचा चष्मा असेल तर काचेतून दोन-तीन शब्द जरा मोठे दिसतात आणि येणारा प्रत्येकजण वाकून वाचतोच! विणलेला रुमाल किंवा बाळाचं झबलं असेल तर गोंद नको, मागे धुतलेलं सुती कापड घेऊन बारीक टाक्यांनी अडकवा, आणि अधूनमधून उतरवून अंधारात विश्रांती द्या, कापडालाही प्रकाश सोसत नाही.

जागा म्हणाल तर ओल येणारी भिंत, बाथरूमशेजारची भिंत, थेट ऊन येणारी भिंत सोडून कुठलीही. खिळे ठोकायच्या आधी फ्रेमच्या मापाचे पेपर कापून भिंतीवर चिकटवा, दोन दिवस राहू द्या, हलवाहलव करा. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमी ठेवला तर बहुतेकांना मान वर न करता दिसतं.

आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी, कोण, कुठे, कुठलं साल. हे काम मात्र आधी करा, फ्रेम नंतर आणल्या तरी चालतील, घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून विचारा आणि ते बोलत असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.