ट्रान्सक्रिप्टवर एक सी आला, तर पुढे काय करायचं

न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर आहे. जूनमध्ये फायनल ग्रेड्स पोर्टलवर दिसायला लागल्या की ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात: “ताई, केमिस्ट्रीत सी आला. आता चांगल्या कॉलेजांचं काही खरं नाही ना?” बारावीच्या टक्क्यांवर आणि कटऑफवर वाढलेल्या आईवडिलांना असं वाटणारच. तिथे अर्ध्या टक्क्यानं कॉलेज हुकायचं. मोजक्यांनाच प्रवेश देणारी इथली कॉलेजं ग्रेड तशी वाचत नाहीत. सी दिसतो, मोजला जातो, पण तो कुठल्या विषयात आला, कुठल्या वर्षी आला आणि त्यानंतर काय झालं, हे त्याच्याबरोबरच वाचलं जातं.

आधी हिशोब करा, म्हणजे भीतीला माप मिळेल. नववीपासून वर्षाला सहा मुख्य विषय धरले तर अकरावीअखेर अठरा ग्रेड्स होतात. सतरा ए आणि एक सी, तर अनवेटेड जीपीए (ए म्हणजे ४, बी ३, सी २; कठीण कोर्सला जादा गुण न देता काढलेली सरासरी) ३.८९. सीच्या जागी बी असता तर ३.९४. फरक एवढाच. पण ३.८९ या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही, कारण प्रत्येक हायस्कूलचं ग्रेडिंग वेगळं. ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे सगळ्या ग्रेड्सच्या पत्रकाबरोबर, आम्ही ‘स्कूल प्रोफाइल’ पाठवतो: शाळेत कुठले एपी कोर्सेस (कॉलेजच्या पातळीचे विषय) आहेत, ग्रेडिंग स्केल काय, वेटेज कसं. वाचणारा माणूस हे शेजारी ठेवून ट्रान्सक्रिप्ट ओळीओळीनं पाहतो.

ज्या कॉलेजची धास्ती आहे, त्याचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे कॉलेजनं स्वतः जाहीर केलेली आकडेवारी, उघडा. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की बहुतेकांचा सापडतो. त्यातला सी७ हा तक्ता सांगतो की ते कॉलेज कशाला ‘अत्यंत महत्त्वाचं’ मानतं. अभ्यासक्रम किती कठीण घेतला आणि ग्रेड्स कशा, या ओळी वाचा. मग सी११ बघा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांचा जीपीए ४.० होता आणि किती जणांचा त्याखाली, याची टक्केवारी तिथे असते. शाळेनं नॅव्हियन्स किंवा स्कॉयर ही कॉलेज शोधायची सॉफ्टवेअर घेतली असतील, तर तुमच्याच शाळेतून त्या कॉलेजला अर्ज केलेल्यांचे जीपीए आणि निकाल तिथे आलेखावर ठिपक्यांनी दिसतात. ओळखीच्यांच्या मुलांच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा हे कितीतरी खरं.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. जिथे शंभरातले चार-पाच जण घेतात, तिथे सगळे ए असलेली ढीगभर मुलंही नाकारली जातात. त्यामुळे तिथे नकार आला, तर तो त्या सीमुळेच आला असं मुलाला कधीही सांगू नका. ते तुम्हाला कळलेलं नसतं, आणि मूल मात्र ते वर्षानुवर्षं बाळगतं.

आता सी कुठला, ते पाहू. नववीतला सी आणि पुढे चढत गेलेल्या ग्रेड्स, ही सगळ्यात कमी काळजीची बाब. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर जीपीए काढताना दहावी-अकरावीच्याच ग्रेड्स धरते. नववीच्या विषयांत किमान सी लागतो, पण त्यांची ग्रेड सरासरीत येत नाही. अकरावीतला सी जड जातो, कारण अर्ज जाताना तेच सगळ्यात ताजं पूर्ण वर्ष असतं. विषयाचंही तसंच. इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्या मुलीला प्रीकॅल्क्युलसमध्ये सी असेल तर प्रश्न पडणारच. तिलाच स्पॅनिशमध्ये सी असेल तर कमी.

जिथे रँक मोजतात तिथे मात्र एक ग्रेडसुद्धा थेट लागते. टेक्सासमध्ये वर्गातल्या वरच्या रँकवर स्टेट युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्साससाठी ही मर्यादा २०२६ च्या फॉलपासून वरचे ५ टक्के अशी झाली आहे. तिथल्या मुलानं आपली रँक त्या रेषेच्या किती जवळ आहे, हे काउन्सेलरकडून आधी काढून घ्यावं.

मग कामाला लागा. पहिलं काम मुलानं करायचं, आईवडिलांनी नाही. टीचरला भेटून विचारायचं, “माझे मार्क नेमके कुठे गेले?” ग्रेड वाढवून मागायला जायचं नाही. ग्रेडबुक उघडून दोघांनी बघायचं. परवाच एका मुलाबरोबर बसले होते. टेस्टमध्ये ८१, ८४, ७९, म्हणजे ठीकच. पण लॅबच्या रकान्यात दोन शून्यं, कारण दोन रिपोर्ट दिलेलेच नाहीत. त्याला केमिस्ट्री येत नव्हती असं नाही. रिपोर्ट पोचतच नव्हते. उलट दुसऱ्या एखाद्या मुलीचे लॅब आणि होमवर्क नव्वदीत असतात आणि प्रत्येक टेस्ट साठीत. तिचा पाया कच्चा आहे. दोघांची ग्रेड सीच, पण औषध वेगळं.

पाया कच्चा असेल तर उन्हाळा त्या विषयाला द्या, नाहीतर पुढच्या वर्षीचं गणित किंवा फिजिक्स कोसळेल. पण नुसता सी पुसायला कोर्स परत घ्यायचा विचार असेल तर आधी काउन्सेलरला विचारा. अनेक शाळांत जुनी ग्रेडही ट्रान्सक्रिप्टवर राहते. डी किंवा एफ असेल तर गोष्ट वेगळी. तो विषय पुन्हा करायलाच हवा. आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये कोर्स घेताना लक्षात ठेवा, ती ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची राहते. तिथे सहज म्हणून जायचं नाही.

एपीचा कोर्स असेल तर मेमधल्या परीक्षेला महत्त्व आहे. वर्गात सी आणि परीक्षेत ५ पैकी ५ म्हणजे विषय येतो याचा बाहेरचा पुरावा. पण पुढच्या वर्षी मात्र घाबरून सगळे सोपे कोर्स घेऊ नका. मी त्या मुलाला सांगेन: ज्या विषयात घसरलास त्याच्याच जवळचा एक कठीण कोर्स घे, बाकीचं ओझं झेपेल एवढंच ठेव. केमिस्ट्रीतल्या सीनंतर एपी बायोलॉजीतला ए जे सांगतो, ते कुठलाच निबंध सांगू शकत नाही.

खुलासा लिहायचा की नाही, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत पक्कं आहे: खरं कारण असेल तरच लिहा. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’साठी २०२५-२६ पासून ३०० शब्द आहेत, आणि अडचणी-परिस्थिती सांगायला वेगळे २५०. एवढे भरायचीही गरज नसते. समजा, घरी आजारपण होतं. मग इतकंच पुरे:

“नोव्हेंबर ते फेब्रुवारी आईची किमोथेरपी चालू होती. धाकट्या भावाला शाळेतून आणणं आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्या दोन क्वार्टरना केमिस्ट्रीत माझी ग्रेड सी होती, शेवटच्या क्वार्टरला बी प्लस. यंदा मी एपी बायोलॉजी घेतलं आहे.”

तारखा, काय घडलं, पुढे काय केलं. बास. “टीचर फार स्ट्रिक्ट होते, अर्ध्या वर्गाला सी होता” हे कधीही लिहू नका. वाचणाऱ्याला त्यात मूल हात झटकताना दिसतं. कारणच नसेल, विषय नुसता जड गेला असेल, तर ती जागा रिकामी सोडा. मुख्य निबंध तर त्या सीवर अजिबात खर्च करू नका. आजारपणासारखी गोष्ट काउन्सेलरच्या पत्रात येऊ शकते, आणि ती आमच्या हातून आलेली जास्त बरी. पण तुम्ही सांगितलं तरच आम्हाला कळणार. कितीतरी मराठी घरं ‘घरचं बाहेर कशाला’ म्हणून गप्प बसतात, आणि मग माझ्या पत्रात ते येतच नाही.

शिफारसपत्रासाठी कधीकधी त्याच टीचरकडे जावं. मूल एक्स्ट्रा हेल्पला नेमानं आलं, शेवटी वर चढलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर ते पत्र सहज ए मिळालेल्या विषयाच्या पत्रापेक्षा वजनदार ठरतं.

सी अकरावीच्या शेवटी आला असेल तर अर्ज कधी करायचा हेही तपासा. अर्ली अर्ज साधारण १ नोव्हेंबरला जातो, तेव्हा बारावीचं फारसं काही दाखवायला नसतं. नंतरच्या रेग्युलर अर्जाला आम्ही मिडइयर रिपोर्ट पाठवतो, त्यात बारावीच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स जातात. सावरल्याचा पुरावा त्याच ग्रेड्समध्ये येणार असेल तर मी थांबायला सांगते, अर्ली डिसिजनचा (मिळालं तर तिथेच जायचं, असा बांधील अर्ज) मोह सोडून.

रटगर्ससारख्या (न्यू जर्सीची स्टेट युनिव्हर्सिटी) ठिकाणी ग्रेड्स मुलांनी स्वतः भरायच्या असतात. ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. शेवटी मूळ ट्रान्सक्रिप्ट जातंच, आणि सीपेक्षा लपवलेला सी फार महागात पडतो.

बारावीच्या दुसऱ्या सेमिस्टरला, प्रवेश मिळून गेल्यावर सी येत असेल तर? ऑफर फायनल रिपोर्टवर, म्हणजे शाळा वर्षाअखेर पाठवते त्या ग्रेड्सवर, अवलंबून असते. एका सीनं ती सहसा जात नाही, पण डी किंवा एफनं जाऊ शकते. तुमच्या ऑफर लेटरमधली अट वाचा, आणि ग्रेड तिच्या जवळ घसरतेय असं एप्रिलमध्ये दिसलं तर मुलानं स्वतः ॲडमिशन ऑफिसला चार ओळी लिहाव्यात: काय झालं, आता काय करतोय, फायनल ग्रेड काय होईल असा अंदाज. पाठवण्याआधी काउन्सेलरला दाखवा, कारण जूनमध्ये त्या ऑफिसचा फोन आला तर तो आम्हालाच येतो.