ब्लूटूथ ट्रॅकर आणि परक्या टॅगचा इशारा: या चुका टाळा

ब्लूटूथ ट्रॅकर म्हणजे किल्ली, बॅग अशा वस्तूंना लावायचा छोटा टॅग; वस्तू हरवली की तो फोनवरून शोधता येतो. दुसऱ्याचा टॅग तुमच्यासोबत फिरत असेल तर फोन इशारा देतो. पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. ब्लूटूथ आहे म्हणजे कुठल्याही फोनला जोडता येईल, असं गृहीत धरलं जातं. पण हरवलेली वस्तू लांबून शोधून देतं ते आजूबाजूच्या अनोळखी फोनांचं जाळं, आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ॲपलचा टॅग, म्हणजे एअरटॅग, जोडायला आयफोन किंवा आयपॅडच लागतो. सॅमसंगचा स्मार्टटॅग २ फक्त गॅलेक्सी फोनला चालतो, इतर अँड्रॉइडला नाही. चिपोलो कंपनीचा पॉप टॅग ॲपल आणि गुगल दोन्हींच्या जाळ्यावर चालतो, पण एका वेळी एकाच. टाइल कंपनीच्या टॅगचं ॲप मात्र आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे आहे.

गुगलच्या फाइंड हबवर, म्हणजे त्यांच्या शोधायच्या जाळ्यावर, टॅग सापडतच नाही, अशी तक्रार असेल तर सेटिंग बघा. मुळात ते जाळं फक्त वर्दळीच्या जागांपुरतं चालू असतं. ‘फाइंड युअर ऑफलाइन डिव्हायसेस’मध्ये जाऊन ‘ऑल एरियाज’ निवडा.

‘माझा अँड्रॉइड आहे, मला एअरटॅगचा इशारा येणार नाही’ हा समज आता जुना झाला. टॅग शोधायला त्याच्याच कंपनीचं जाळं लागतं; इशाऱ्याला ती अट नाही. मे २०२४ पासून आयओएस (आयफोनची सिस्टम) १७.५ आणि अँड्रॉइड ६ किंवा त्यापुढच्या फोनवर दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरच्या टॅगचाही इशारा येतो. तरी येत नसेल तर बहुतेक वेळा ब्लूटूथ किंवा लोकेशन बंद असतं. आयफोनवर लोकेशन सर्व्हिसेस, त्यातलं सिस्टम सर्व्हिसेसमधलं फाइंड माय आयफोन आणि ट्रॅकिंग नोटिफिकेशन्स, तिन्ही चालू हवीत. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘अननोन ट्रॅकर’ असं शोधा, कारण फोनच्या कंपनीनुसार जागा बदलते. तिथेच हाताने स्कॅन करायचं बटण आहे. शंका आली की इशाऱ्याची वाट न बघता ते दाबा. टॅग मालकापासून दूर आणि तुमच्यासोबत फिरत असल्याचं दिसल्यावरच इशारा येतो, त्यामुळे उशीर होतो.

घरच्याच किल्लीचा इशारा सारखा येतो म्हणून इशारेच बंद करणं धोक्याचं. आयओएस १७ पासून एअरटॅग आणखी पाच जणांशी शेअर करता येतो आणि त्यांना त्या टॅगचा इशारा येत नाही. अँड्रॉइडवाल्याशी मात्र शेअर करता येत नाही.

परका एअरटॅग सापडला तर रागाच्या भरात फेकू नका. फोनमधलं एनएफसी (जवळ टेकवून माहिती वाचायची सोय) चालू करून टॅगची पांढरी बाजू फोनच्या पाठीला टेकवा. उघडणाऱ्या पानावर अनुक्रमांक दिसतो, कधी मालकाच्या नंबरचे शेवटचे चार आकडेही. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. कुणी मुद्दाम पाळत ठेवतंय असं वाटत असेल तर आधी सुरक्षित जागी जा आणि पोलिसांशी बोला, कारण सेल काढला की मालकाला नवी जागा दिसणं थांबतं आणि त्याला संशय येऊ शकतो. काढायचाच असेल तर स्टीलचं झाकण दाबून घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा.

स्वतःचा एअरटॅग नवा सेल घालूनही मुका राहिला तर सेलच तपासा. सीआर२०३२ सेलच्या काही प्रकारांवर, मुलांनी गिळू नये म्हणून, कडू लेप असतो. त्याने टॅगच्या आतल्या पत्र्याला नीट संपर्क मिळत नाही. लेप नसलेला सेल घाला. मात्र असे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही म्हणजे गाडीत काही नाही, असं होत नाही. सिम कार्डवर चालणारे जीपीएस ट्रॅकर या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी सीटखाली, बंपरच्या आत आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये हाताने शोधावं लागतं.