स्ट्रट बार लावला, तरी गाडी वळणावर डोलतेच? या चुका टाळा

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) आटोपते, पाऊस ओसरतो, घाटातला चिखल वाळतो आणि गॅरेजांत एका ठरावीक गिऱ्हाइकाची ये-जा सुरू होते. हातात खोका, खोक्यात लाल नाहीतर निळा पाइप आणि तोंडी एकच वाक्य: ‘चोर्ला घाटात गाडी डोलते, हा स्ट्रट बार लावून द्या.’ स्ट्रट बार म्हणजे बॉनेटखालच्या दोन टॉवरांना, म्हणजे पुढच्या शॉकअपची वरची टोकं बॉडीला बसतात त्या उंचवट्यांना, आडवा जोडणारा पाइप. बार लावायला अर्धा तासही लागत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण अर्ध्या तासात होणाऱ्या कामाआधी दोन तास तपासणी करायची कोणाची तयारी नसते.

गाडी डोलते ती मुख्यतः स्प्रिंग, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई) आणि टायर यांच्यामुळे. बॉडीच्या लवचिकतेचा त्यात वाटा फार थोडा. साध्या हॅचबॅकच्या सस्पेन्शनचा रोल (गाडीचं एका बाजूला कलणं) अडवण्याचा जोर दोन्ही ॲक्सल मिळून प्रति अंश हजार-दीड हजार न्यूटन-मीटरच्या आसपास असतो; आजच्या मोनोकॉक (वेगळ्या चॅसिसविना एकसंध) बॉडीला एक अंश पिळायला मात्र बहुतेक दहा हजारांहून जास्त लागतात. मऊ आणि कडक अशा दोन स्प्रिंग एकीला एक जोडून दाबल्या तर दबते ती मऊ. तुम्ही कडक असलेली आणखी कडक करता, मऊ तशीच राहते. मग डोलणं कमी कसं होणार? स्ट्रट बारने होतं ते एवढंच की दोन टॉवरांमधलं अंतर वळणावर कमी हलतं, त्यामुळे स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक थोडं चटकन वळतं. स्प्रिंग-शॉकअप कडक केलेल्या, चांगले टायर असलेल्या गाडीत हे जाणवतं. कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर बहुतेकदा फक्त मनाचं समाधान होतं.

आधी बार, मग बाकीचं

सगळ्यात जास्त पैसे पाण्यात जातात ते इथे. म्हापशाकडची बारा वर्षं चाललेली एक हॅचबॅक घ्या. तक्रारी तीन: खड्ड्यात डावीकडून ‘टक्क’, महामार्ग ६६ वर ऐंशीच्या पुढे गाडी इकडेतिकडे भरकटते, वळणावर पुढचा भाग उशिरा वळतो. मालकाने पुढचा वरचा बार, डिकीतला मागचा बार आणि खालचा लोअर बार असे तिन्ही एकदम बसवून घेतले. आठ दिवसांत ‘टक्क’चा ‘ठक्क’ झाला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली.

गाडी वर घेतल्यावर निघालं ते असं: डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला, पहार लावून रेटलं की आर्म बोटाएवढा सरकत होता. उजव्या स्ट्रट माउंटिंगचं रबर बसलेलं. टायरवर चार आकडे १४१७, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक, पण रबर नखाने दबत नाही इतकं वाळलेलं. आर्म सैल असताना वरचे टॉवर एकमेकांना कितीही घट्ट बांधा, चाक खालून हलतंच. आवाज वाढला तो बारच्या नटांमुळे. प्लेटवरचा पावडर कोटचा जाड थर नटाखाली चिरडला, पकड सैल झाली. आणि ओढण्याचं कारण पुढच्या चुकीत आहे. तिन्ही बार काढले. बुश, दोन्ही माउंटिंग, चार टायर आणि ॲलाइनमेंट केली, तिन्ही तक्रारी गेल्या. नंतर पुढचा बार पुन्हा चढवला, तेव्हा तो लावलाय की नाही हे खुद्द मालकाला चालवून सांगता येईना.

म्हणून क्रम असा ठेवा. टायरची तारीख आणि थंड असताना हवा, तीही दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नव्हे. मग पहारीने बुश. मग माउंटिंग: एकाने स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर बोटं टेकवायची, स्प्रिंग सलग न फिरता झटका देऊन सुटत असेल तर वरचं बेअरिंग गेलंय. शॉकअपवर तेलाचा ओघळ पाहा. शेवटी ॲलाइनमेंट, आणि तिचा छापील कागद मागून घ्या. या सगळ्यातून गाडी पास झाली तरच बारचा खोका उघडा.

टर्नबकल पान्याने आवळणं

मधे टर्नबकल, म्हणजे लांबी कमी-जास्त करायला फिरवायचा नट, असलेला बार दिसला की काही हातांना तो आवळल्याशिवाय चैन पडत नाही. ‘टाइट केला की बॉडी टाइट’ हा समज कोणी पसरवला कोण जाणे. त्या नटाचं काम बारमधली ढिलाई काढणं एवढंच. पान्याने फिरवलात की बार जॅकसारखा काम करतो आणि टॉवर बाहेर ढकलतो. स्ट्रटच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत अंतर साधारण ६०० मिलिमीटर धरलं, तर वरचं टोक १ मिलिमीटर सरकलं की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जवळजवळ ०.१ अंश बदलतो. दोन्ही टॉवर सारखेच सरकतील याची खात्री नाही. एका बाजूचा टॉवर थोडा नरम असेल तर तिकडे जास्त जातो, आणि गाडी ओढायला लागते. म्हापशाच्या त्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, शिवाय बार बसवला होता पुढची चाकं जॅकवर लोंबकळत असताना.

योग्य पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. गाडी सपाट जमिनीवर, चारी चाकं खाली. दोन-तीन फूट मागेपुढे ढकलून घ्या, बॉनेट दोनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन बसेल. बारच्या दोन्ही प्लेटी स्टडवर (टॉवरवरच्या उभ्या, आटे असलेल्या बोल्टवर) बोटांच्या जोरावर बसल्या पाहिजेत. हातोड्याने ठोकावं लागत असेल तर लांबी चुकली आहे. नट दोन फेऱ्यांत, आलटून-पालटून आवळा. एम८ आकाराच्या ८.८ ग्रेडच्या नट-बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर हा वरचा आकडा समजा, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये कमी लिहिला असेल तर तोच खरा. मग टर्नबकल हाताने, ढिलाई जाईपर्यंत. लॉकनट लावा, विषय संपवा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. ‘पान्याला हाताचा अंदाज आहे’ म्हणणाऱ्या फिटरकडे हे काम देऊ नये.

मधला मोठा नट

टॉवरवर कडेला बहुधा दोन-तीन नट असतात, ते माउंटिंग बॉडीला धरतात. मधला नट दबलेली स्प्रिंग धरतो. तो उघडला तर काय होईल याचा प्रयोग करू नका, जिवावर बेतेल. काही गाड्यांत कडेचे स्टडच नसतात, मध्येच सगळं असतं. तिथे मॅन्युअल न बघता पाना लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि स्टडची लांबी बघा. ४-५ मिलिमीटर जाडीची प्लेट आली की तेवढे आटे खाल्ले जातात. नट पूर्ण बसून वर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो बार त्या गाडीचा नाही, विक्रेता काहीही म्हणो.

थोडक्यात आवरता येण्यासारखं

इंजिनला वळसा घालून कमानीसारखा वाकवलेला पातळ पाइप हा बार नसून स्प्रिंग आहे. टोकांच्या बिजागरीत बोल्ट हलत असेल तर तोही नको. सरळ, एकसंध, शक्यतो मागच्या फायरवॉललाही (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीला) बांधलेला असेल तर उत्तम.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा पिळता आडवा दांडा) असलेल्या हॅचबॅकला डिकीतला बार लावून वळणावर हाती काही लागत नाही. तिथे आडवा जोर बीमच्या पुढच्या बुशांतून बॉडीत जातो, शॉकअपच्या टोकातून नाही. डिकीतली जागा मात्र जाते.

पुढे सबफ्रेम (खालचे आर्म धरणारी वेगळी चौकट) आहे? मग लोअर बार हा त्याच कामाला ठेवलेला दुसरा माणूस. तो जमिनीपासूनची उंचीही खातो. ओहोटीच्या वेळी दिवाडीच्या फेरीबोटीचा उतार चढताना पहिला घासतो तो हाच.

जिप्सीला स्ट्रट बार मागणारेही भेटतात. जिप्सीला चारी बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी वेगळी चॅसिस. स्ट्रटच नाही तर बार कशाला बांधणार?

बॉनेट बंद होण्याआधी बारच्या सर्वात उंच जागी मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळू बंद करून उघडा. गोळा किती दबला यावर जाऊ नका. उरलेली जाडी मोजा, ती १० मिलिमीटरच्या खाली असेल तर बार नको. इंजिनही आपल्या माउंटिंगवर हलतं, त्यालाही जागा लागते.

वेल्डिंगने चॅसिस ‘मजबूत’ करून देणाऱ्यांपासून लांब राहा. उष्णतेने पातळ पत्र्याची ताकद बिघडते, गंज तिथूनच धरतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे परस्पर बदल करायला मनाई करतं. विम्याच्या वेळी हे सगळं बाहेर येतं.

खारा वारा

आपल्याकडे ही बाब सुटी काढून बोलायला हवी. ॲल्युमिनियमची प्लेट, स्टेनलेसचा बोल्ट, लोखंडी टॉवर आणि वर मिठाची आर्द्रता: ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजणारच. दोन पावसाळे काढलेल्या बारखाली हात घातला की कळतं. किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर पोलादी बार आणि झिंक चढवलेले नट घ्या, प्लेटखाली मेणासारखं गंजरोधक लावा. आट्यांना मात्र ग्रीस नको, तेवढ्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो. त्याआधी टॉवरच्या कडेचा सीलंट बघा. तडकलेला असेल, बाजूला तांबूस रेघ दिसत असेल तर आधी पत्र्याचं काम. गंजलेल्या टॉवरवर बार लावलात तर एका बाजूचा खड्ड्याचा मार दुसऱ्या बाजूलाही पोचतो.

गरज आहे की नाही, हे मोजा

एकात एक सरकणाऱ्या दोन पातळ नळ्या घ्या. एकेक टोक दोन्ही टॉवरांच्या स्टडला घट्ट बांधा. आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकवून, घट्ट बसणारी रबरी ओ-रिंग चढवा. टॉवर जवळ आले की बाहेरची नळी रिंगला ढकलते आणि रिंग तिथेच राहते. अनमोड घाटात एक फेरी मारा आणि बॉनेट उघडून रिंग किती सरकली ते कॅलिपरने मोजा. अर्धा मिलिमीटरही नसेल तर खोका आणला त्या दुकानात परत द्या. एक-दोन मिलिमीटर असेल तर बार लावा, आणि नळ्या बांधून त्याच घाटात, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून दुसरी फेरी मारा, म्हणजे बारने फरक पडला की नाही ते कळेल.