माळशेजला निघण्याआधी टायरची हवा बघा, पण गार टायरची

ठाण्याहून कल्याण-मुरबाडमार्गे उन्हाळ्यात माळशेजला जाताना बहुतेक जण हवा वाटेतल्या पंपावर तपासतात. तिथेच गणित चुकतं. पंधरा-वीस किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय जास्तच दिसतो. तो बघून हवा कमी केली की गार झाल्यावर टायर बसका राहतो, त्याची बाजू जास्त वाकते, आणखी तापते; तापल्या डांबरावर टायर फुटतो तो बहुधा असाच. म्हणून सकाळी, सोसायटीजवळच्या पंपावर, दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या, टायरवर छापलेला घेऊ नका. तो कमाल दाब असतो. मागे तिघं आणि डिकी भरलेली, तर ‘फुल लोड’चा आकडा. स्टेपनीही बघा, ती कोणी बघत नाही.

चढणीवर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला तर आधी एसी बंद. तरी उतरला नाही तर गाडी सावलीत थांबवा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. घाट उतरताना दुसरा गिअर. सतत दाबून धरलेला ब्रेक तापून धरेनासा होतो.