पेटीतल्या बाळाला प्रोबायोटिक? आधी या चुका टाळा

"दह्यातलेच जंतू की ते, त्याने काय बिघडणार?" प्रोबायोटिकचा, म्हणजे आतड्याच्या भल्यासाठी मुद्दाम पाजायच्या जिवंत जंतूंचा विषय निघाला, की एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकावर कोणीतरी हे म्हणतंच. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खपूनही जातं. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या किलोभर वजनाच्या बाळाच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं आणि प्रतिकारशक्तीही. तिथून जंतू रक्तात उतरला, की तो चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असंच दगावलं. रक्तातला जंतू प्रोबायोटिकमधलाच निघाला. तेही रुग्णालयात, देखरेखीखाली दिलेलं. तेव्हा औषधाच्या दुकानातून पुडी आणून घरीच पाजायची, हा विचार सोडूनच द्या.

शिवाय पुडीत फक्त लेबलवरचे जंतू असतील याची खात्री नसते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच कनेटिकटमध्ये एका बाळाला दिलेल्या पावडरीत बुरशी निघाली आणि तिच्या संसर्गाने ते बाळ गेलं. यातली बरीच उत्पादनं पूरक आहार म्हणून विकली जातात. औषधाइतकी कडक तपासणी त्यांची होत नाही.

मग डॉक्टर देतात तरी का? एनईसीच्या (नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिसच्या) भीतीने. या आजारात आतड्याला सूज येते, त्याचा काही भाग मरतो, कधी भोकही पडतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १,०९९ बाळांच्या अभ्यासात तीन जंतूंच्या मिश्रणाने एनईसीचं प्रमाण ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. फायदा खरा आहे, पण तो त्या मिश्रणाचा. इंग्लंडमध्ये तेराशेहून अधिक बाळांच्या अभ्यासात निम्म्यांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे या प्रोबायोटिक जंतूची एक जात देऊन पाहिली, फरक पडला नाही. (गंमत म्हणजे ज्यांना ती दिलीच नव्हती, अशा जवळपास निम्म्या बाळांच्या पोटातही ती पोचली होती. वॉर्डात जंतू असे फिरतात. हात धुवायला सिस्टर उगाच ओरडत नाहीत.)

म्हणून "प्रोबायोटिक देताय का?" एवढंच विचारून थांबू नका. कोणती जात, माझ्या बाळाच्या वजनाला ती चालते का, कधी थांबवणार, हेही विचारा. वयाचा घोळ इथेच होतो. ओडिशातल्या साडेचार हजार बाळांचा २०१७ मधला अभ्यास मोबाइलवर फिरत असतो: लॅक्टोबॅसिलस प्लँटारम दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आकडे बरोबर आहेत. पण ती बाळं ३५ आठवडे किंवा त्यापुढची, दोन किलोंच्या वरची होती. पेटीतल्या बाळाला तो हिशेब लागू होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे: पुडीच्या नादात दूध मागे पडतं. चीक थेंबभरच निघाला तरी टाकू नका, सिस्टरकडे द्या. आईच्या दुधात अशा साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या साखरा म्हणजे बिफिडोबॅक्टेरियमचं अन्न. एनईसीचा धोका वरच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर कमी असतो. अंगावरचं दूध कमी पडत असेल तर दुधाच्या पावडरीच्या आधी दुग्धपेढीची, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाच्या पेढीची चौकशी करा. मुंबईत सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे. तिथलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, त्यामुळे त्यातले जिवंत जंतू जातात, पण साखरा टिकतात.

घरी आल्यावर बाळगुटी, मध चाटवणं, ग्राइप वॉटर, पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल, यातलं काहीही नको. आजींची समजूत डॉक्टरांकडूनच काढून घ्या, घरात वाद होत नाही.

आणि पोट फुगलं तर? हिंग लावून वाट पाहायची वेळ ही नव्हे. पोट टणक लागतंय, उलटी हिरवी आहे, शीमध्ये रक्त आहे, बाळ मलूल पडलंय किंवा श्वास मधेच थांबतोय, यातलं एकही दिसलं तर दूध पाजणं थांबवा आणि रात्र असो की दिवस, रुग्णालय गाठा. रक्त लागलेला लंगोट पिशवीत घालून सोबत न्या; डॉक्टरांना तो पाहायचा असतो.