कॅमेरा डोक्यावर चढवण्याआधी

ॲरिझोनात फिनिक्सहून टूसॉनकडे निघालं की साधारण निम्म्या वाटेवर ईलॉय लागतं. तिथल्या ड्रॉपझोनवर, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या तळावर, मी शनिवार-रविवार कॅमेरा लावून उडते. इथल्या मराठी मंडळींत हे पसरल्यापासून नव्याने स्कायडायव्हिंग शिकणारी मुलं-मुली मला एकच विचारतात: "ताई, गोप्रो हेल्मेटच्या वर लावू की बाजूला?" उड्या किती झाल्या म्हणून विचारलं, तर कुणी तीस सांगतं, कुणी साठ. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी. दुबईला, पट्टायाला किंवा हरियाणात नारनौलला टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून, उडी मारून आलेले आणि आता लायसन्स काढायचं मनात असलेले यांनाही उपयोग होईल.

माझं उत्तर त्यांना आवडत नाही: २०० उड्या पूर्ण होईपर्यंत कॅमेरा घरी ठेवा. यूएसपीए या इथल्या स्कायडायव्हिंग संघटनेची शिफारसही हीच आहे. ए ते डी या पायऱ्यांतलं सी लायसन्स हातात हवं, म्हणजे किमान २०० उड्या. आणि अलीकडच्या निदान ५० उड्या त्याच रिगवर (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच), जी घालून तुम्ही कॅमेरा लावणार आहात. १३,००० फुटांवरून निघाल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं. पोटावर पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दर हजार फुटांना साडेपाच सेकंद. नवशिक्याचं सगळं लक्ष त्या मिनिटात उंची, शरीराचा तोल आणि आजूबाजूची माणसं यांतच खर्च व्हायला हवं. "एवढासा तर आहे" हे मी फार ऐकते. कॅमेरा एवढासा असला तरी लक्ष मात्र मोठ्या कॅमेऱ्याइतकंच खातो.

टँडमला जाणाऱ्यांनी तर स्वतःचा कॅमेरा मागूच नये. बहुतेक ड्रॉपझोन नाही म्हणतात, आणि बरोबर करतात. तुमचा इन्स्ट्रक्टर हातावरच्या कॅमेऱ्याने काढतो किंवा शेजारून आमच्यासारखं कुणी उडतं.

आधी रिग

ए लायसन्सला २५ उड्या लागतात. तोवर ड्रॉपझोनचीच रिग वापरा, घाईने काही विकत घेऊ नका. शिकताना कॅनपीचा, म्हणजे पॅराशूटच्या छत्रीचा, आकार बदलत जातो, आणि कंटेनर, म्हणजे ती ठेवायची पाठीवरची पिशवी, ठरावीक आकाराच्याच कॅनपीसाठी शिवलेला असतो.

कॅनपी निवडायचा हिशोब असा. तुमचं वजन, त्यात रिग, कपडे, हेल्मेट सगळं मिळवून पौंडांत आकडा काढायचा आणि कॅनपीच्या चौरस फुटांनी भागायचं. ७० किलोचं माणूस म्हणजे १५४ पौंड, सामानाचे २५-२६ धरले की झाले १८०. सुरुवातीला भागाकार १ च्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे १८० चौरस फुटांहून लहान कॅनपी नको. मी १९० किंवा २१० च सांगते. लहान कॅनपी जास्त वेगाने उडते, वळवली की पटकन उंची खाते, आणि या खेळात माणसं मोठ्या संख्येने दगावतात ती धडधाकट उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ चुकीचं वळण घेऊन. दुकानदार किंवा मित्र काहीही म्हणो, या आकड्यावर तडजोड करू नका.

जुनी रिग घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, अशा रिगरकडून, म्हणजे पॅराशूट पॅक करणाऱ्या-तपासणाऱ्या जाणकाराकडून, तपासून घ्या. राखीव पॅराशूट (रिझर्व्ह) आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे एएडीच्या, उत्पादनाची तारीख बघा. ब्रँड सायप्रेस असो वा व्हिजिल, प्रत्येकाला ठरावीक आयुष्य असतं, आणि मुदत संपत आलेला एएडी लावून विकलेली स्वस्त रिग पुढे महाग पडते. हे यंत्र ७५० फुटांच्या आसपासही तुम्ही फ्रीफॉलच्या, म्हणजे पॅराशूट न उघडता पडण्याच्या, वेगात असाल तर रिझर्व्ह उघडतं. ते आहे म्हणून उंचीकडे थोडं दुर्लक्ष चालेल असा विचार मनात आला, तर त्या दिवशी उडू नका.

एएडी घरी चालू करायचा नाही, ड्रॉपझोनवर पोहोचल्यावर करायचा. तो जिथे चालू करतो तिथली जमीन शून्य धरतो, आणि ईलॉय फिनिक्सपेक्षा काही शे फूट उंच आहे.

रिझर्व्ह अमेरिकेत दर १८० दिवसांनी रिगरकडून पुन्हा पॅक करून घ्यावं लागतं. तारीख रिगमधल्या कार्डावर असते. आरएसएल, म्हणजे मुख्य पॅराशूट (मेन) सुटताच रिझर्व्ह उघडणारी दोरी, काढू नका. कॅमेरा लावणारे काही जुने लोक काढायला सांगतात. मेन कापून टाकल्यावर, म्हणजे सोडून दिल्यावर, स्थिर होऊन मग रिझर्व्ह उघडावं, नाहीतर दोऱ्या कॅमेऱ्यात येतील, असा त्यांचा मुद्दा असतो. मला तो पटत नाही. स्कायहुकसारखी रचना असलेल्या रिगवर तर सुटणारं मेनच रिझर्व्हला ओढून काढतं आणि उंची वाचते. गुंतण्याची भीती असेल तर कॅमेरा नीट बसवा, आरएसएलला हात लावू नका.

तपासणी दर उडीला तीनदा: रिग अंगावर घेण्याआधी, विमानात चढण्याआधी, दार उघडण्याआधी. तीन-तीनचा पाढा पाठ करा. खांद्यांवरचे, मेन सोडवणारे तीन कड्यांचे दोन्ही जोड आणि आरएसएल, तीन पट्टे म्हणजे छातीचा एक आणि मांड्यांचे दोन, तीन हँडल म्हणजे मेनचं, कटअवेचं आणि रिझर्व्हचं. कंटेनर बंद ठेवणारी पाठीमागची पिन दुसऱ्याकडून बघून घ्या, वरून खाली. कॅमेरा लावणाऱ्यांना हे जास्तच लागू, कारण आमचं डोकं बॅटरी, कार्ड आणि लेन्समध्ये गुंतलेलं असतं. १९८८ साली उत्तर कॅरोलिनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक जंपर दुसऱ्यांचं चित्रीकरण करायला विमानातून बाहेर पडला तो पॅराशूट न घालताच. पाठीवर सामान होतं, पण ते कॅमेऱ्याचं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या कॅमेरावाल्याला सांगते.

कपड्यांबद्दल एकच सांगते. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायात नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हापासून साडी, फेटा, उपरणं घालून उडायचं मुलींच्या-मुलांच्या मनात येतं. त्यांच्यामागे तेव्हा उत्तर आणि दक्षिण ध्रुवासह शेकडो उड्या होत्या, हे विसरू नका. सैल कापड उडून हँडलवर आलं तर हात तिथे पोहोचत नाही. डी लायसन्स, म्हणजे ५०० उड्या, झाल्यावर इन्स्ट्रक्टरशी बसून बोला.

हेल्मेटवर काय आणि कसं

आता मूळ प्रश्न, वर की बाजूला. दोन्हीकडे चालतं, विचार करायचा तो दोरीचा. पॅराशूट उघडताना ब्राइडल (मेनला बाहेर ओढणारी पट्टी), दोऱ्या, रायझर (दोऱ्यांना हार्नेसशी जोडणारे पट्टे) सगळं तुमच्या खांद्यांजवळून वर जातं. गोप्रोच्या साध्या माउंटचा बाहेर आलेला स्क्रू त्या क्षणी बाभळीच्या काट्यासारखा असतो, त्यात काहीही अडकतं. म्हणून उंच दांडीचे माउंट नकोत, स्क्रू बाहेर ठेवणारे नकोत. कॅमेरा हेल्मेटला चिकटून बसायला हवा, कडा गोल हव्यात, फटी टेपने बुजवायला हव्यात. बसवून झाला की जाड दोरीचा तुकडा घ्या आणि सगळ्या बाजूंनी हेल्मेटवरून ओढा. कुठेही अडली तर तो माउंट उडण्यालायक नाही. बाजूचा कॅमेरा उघडताना मानेला एका अंगाला झटका देतो, वरचा जास्त उंच होतो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटवर हनुवटीसमोर बसवलेला छोटा कॅमेरा मला सगळ्यात कमी त्रासाचा वाटतो.

दुसरी अट, हेल्मेट एका हाताने, हातमोजा घालून, न बघता सुटलं पाहिजे. त्यासाठी कटअवे असलेला, म्हणजे एका ओढीत सुटणारा, हनुवटीचा पट्टा मिळतो. मेनच्या दोऱ्या हेल्मेटमध्ये अडकल्या असताना तुम्ही मेन कापलं, तर ते कॅनपी तुमच्या मानेला लटकतं. आधी हेल्मेट सोडायचं, मग पुढचं. कॅमेऱ्याची किंमत त्या क्षणी आठवता कामा नये. हा क्रम जमिनीवर, हार्नेसमध्ये लटकून, हात आपोआप जाईपर्यंत घोटा. आणि त्यालाही उंचीची मर्यादा आहे: बी ते डी लायसन्सवाल्यांनी १,८०० फुटांपर्यंत निर्णय घेतलेला असला पाहिजे, ए लायसन्सवाल्यांनी २,५०० पर्यंत.

उंची सांगणारा, कानात वाजणारा ऑल्टिमीटर घ्या आणि मनगटावरचाही ठेवा. टँडमचं चित्रीकरण करताना त्यांचं पॅराशूट ५,००० फुटांच्या आसपास उघडतं. ते दृश्य इतकं देखणं असतं की नजर हलत नाही. पण तुम्ही अजून पडताय. तिथून २,५०० फूट यायला १४ सेकंद लागतात, आणि त्याच्या आत तुमचं उघडायला सुरुवात झालेली हवी. टँडमच्या वर कधीही जायचं नाही. त्यांच्या ड्रोगच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या, मागे हवा फाटलेली असते, तिला आम्ही बर्बल म्हणतो, आणि त्यात गेलात की थेट त्यांच्यावर आदळता.

मेन पॅक करताना स्लायडर (कॅनपी हळू उघडायला लावणारा कापडाचा तुकडा) नीट वर ठेवून व्यवस्थित गुंडाळा. उघडताना मान सरळ, नजर क्षितिजावर. वर बघायचा मोह होतो, तिथेच मान दुखावते. आणि विमान उडताना हेल्मेट डोक्यावर किंवा पट्ट्यात बांधलेलं हवं. अपघात झाला तर सुटं हेल्मेट केबिनमध्ये दगडासारखं फिरतं.

आता फोटो

चांगल्या फोटोची अर्धी तयारी जमिनीवर होते. रिंग साइट (नेम धरायची कडी) डोळ्यासमोर लावली असेल तर मित्राला दहा फुटांवर उभं करून त्याचं नाक साइटच्या मधोमध आणा, फोटो काढा, फ्रेमच्या मधोमध आलं का बघा, येईपर्यंत साइट हलवा. फोकस मॅन्युअल करून टेप लावा. शटर १/१००० सेकंदाच्या खाली आणू नका. लेन्स वाइडच लागते, आणि वाइड लेन्समध्ये दोन मीटरवरचं माणूसही लांब दिसतं. म्हणून फोटोची गुणवत्ता शेवटी तुमच्या उडण्यावर येते: जवळ जाऊन, न आदळता, समोरच्याच्या वेगाने पडता आलं पाहिजे. माझ्यासारख्या हलक्या बायका हळू पडतात, त्यांना वजनाचा बेल्ट लागतो. भारी माणसांना पंख असलेलं कॅमेरा जॅकेट उपयोगी पडतं.

स्थिर फोटोंसाठी दातांत धरायचा स्विच वापरा, हात मोकळे राहतात. व्हिडिओ दाराशी जाण्याआधीच चालू करा आणि लाल दिवा शेजाऱ्याला बघायला सांगा. एक्झिटच्या क्षणी बोटं कॅमेऱ्यावर नकोत.

समोरच्यापेक्षा किंचित खाली राहा. वरून काढलं की मागे ॲरिझोनाची तपकिरी जमीन येते आणि माणूस त्यात हरवतो. खालून निळं आकाश मिळतं आणि चेहरा नीट दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, म्हणून विमान कुठल्या दिशेने जंप रन (उड्या सोडतानाची सरळ रेषा) घेणार ते आधी विचारा आणि एक्झिटनंतर कुठल्या बाजूला जायचं ते बसल्या जागीच ठरवा. मावळतीआधीच्या शेवटच्या लोडचा, म्हणजे विमानाच्या फेरीचा, प्रकाश मला सगळ्यात आवडतो, पण त्या लोडला सगळे थकलेले असतात, तेव्हा मी तपासणी मोठ्याने बोलून करते.

ईलॉयच्या उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवं. पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, तीच कॅनपी वेगाने उतरते, आणि दुपारी वाळवंटात धुळीच्या वावटळी उठतात. त्यात सापडलेली कॅनपी हवेतच मिटू शकते. वाऱ्याची नळी लुळी पडून अचानक दिशा बदलायला लागली की समजा. नवीन लोकांनी सकाळी उडावं, अकराच्या सुमाराला थांबावं. उतरल्यावर कॅनपी पसरून सेल्फी काढत बसू नका, लगेच गोळा करा. जमिनीवर पडलेली कॅनपीही वावटळ उचलते आणि तुम्हाला फरफटत नेते.

कॅमेऱ्याची पहिली उडी फक्त एका माणसाबरोबर मारा, जो स्थिर पडतो आणि ज्याच्याबरोबर तुम्ही आधी उडलेला आहात. तिचा हेतू फोटो नसतो. हेल्मेट उघडताना कसं वागतं, मानेला काय वाटतं, उंची वेळेवर बघितली का, हेच बघायचं. संध्याकाळी फुटेज बघताना आधी शेवटची वीस सेकंदं लावा: मनगटाकडे किती वेळा बघितलं, उघडताना मान कुठे होती. ते नीट असेल तर पुढच्या खेपेला दुसरं माणूस जोडा. टँडम आणि मोठ्या फॉर्मेशन्स त्यानंतर, आणि त्यासाठी परवानगी तुमच्या ड्रॉपझोनच्या सेफ्टी अधिकाऱ्याकडून घ्या, माझ्याकडून नाही.